बोरघाटातील दुचाकीची वाट

मुंबई आणि पुणे यांना जोडणाऱ्या बोरघाटात चाकांच्या गाड्यांसाठी बांधलेला रस्ता १८३० साली, जॉन माल्कम मुंबईचे गव्हर्नर असताना खुला झाला आणि पुढे १८६३ मध्ये रेल्वेनेही तोच घाट ओलांडला. एका दिवसात मोटारसायकलवरून लोणावळ्याला जाऊन परतण्याची हौस मात्र पुष्कळ नंतरची आहे. १९६१ पासून म्हैसूरला तयार होऊ लागलेली जावा आणि तिच्या मागोमाग आलेली राजदूत या गाड्यांची इंजिने टू-स्ट्रोक, म्हणजे पिस्टनच्या दोनच फेऱ्यांत कार्यचक्र पुरे करणारी होती, आणि त्यांना लागणारे वंगण पेट्रोलमध्येच मिसळलेले असल्यामुळे लांब उतारावर थ्रॉटल मिटून गाडी सोडली की इंधनाबरोबर तेलाचाही पुरवठा घटे. शिवाय अशा इंजिनाचा रोध क्षीण असल्याने सारा भार ब्रेकवर येई व ते तापत; चढाचे कौतुक फार झाले, पण चालवणाऱ्याची खरी परीक्षा उतारच घेत असे. पुढे चार फेऱ्यांच्या, म्हणजे फोर-स्ट्रोक इंजिनांच्या गाड्या रूढ झाल्यावर ही अडचण बरीच ओसरली. द्रुतगती मार्गावर दुचाकींना मनाई असल्याने त्यांची घाटाबाहेरची वाट आजही जुन्या महामार्गानेच जाते.