पाणी मागणारी करुणा

दया हा गुण आमच्या देशात दुर्मिळ होता, असे कोणी म्हटल्यास ते इतिहासास धरून होणार नाही. उन्हाळ्यात पाणपोई घालावी, वाटसरूस गुळाचा खडा व तांब्याभर पाणी द्यावे, मुंग्यांस साखर आणि गाईस घास घालावा, ह्यात पुण्य आहे हे आमच्या आज्यापणज्यांस कोणताही ग्रंथ न वाचता ठाऊक होते. परंतु त्याच पाणपोईवर अस्पृश्य मानलेला तहानलेला मनुष्य आला, तर त्याच्या ओंजळीत वरून धार सोडली जात असे. पाणी मिळे, भांडे मिळत नसे. तहान भागे, मनुष्य मात्र होता तेथेच राही. देणाऱ्याच्या हातात आणि घेणाऱ्याच्या ओंजळीत जे वीतभर अंतर राखले जाई, त्या अंतरात आमच्या दयेची सारी मर्यादा सामावलेली आहे.

महाडाहून रायगडाकडे जाणाऱ्या वाटेवर नाते नावाचे गाव आहे. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख ह्यांचा जन्म १८९६ साली येथेच झाला. गावाच्या ह्या नावाचा मूळ अर्थ काय असेल तो असो; मराठी कानास ते ऐकताच आप्तभावाची आठवण होते. आणि आप्तभावाचा प्रश्न ह्या मुलुखात जेवढ्या तीव्रतेने विचारला गेला, तेवढा क्वचितच कोठे विचारला गेला असेल. महाडचे चवदार तळे सर्व जातींस खुले आहे, असा ठराव तेथील नगरपालिकेने १९२४ सालीच केला होता. पण तो कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आपल्या अनुयायांसह तळ्यावर गेले व तेथील पाणी त्यांनी प्राशन केले. परधर्मीयांस आणि गुराढोरांस ज्या तळ्यावर मज्जाव नव्हता, त्याचे एवढ्याने विटाळलेले पाणी पंचगव्याने शुद्ध करण्याचा विधी झाला. परिषदेस आलेल्या लोकांस मारहाण झाली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात दुसरी परिषद भरविण्याचे ठरले, तेव्हा मंडपासाठी जागा द्यावयास कोणी हिंदू मालक पुढे येईना. ती फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने दिली. पुढे प्रकरण न्यायालयात गेले आणि मुंबईच्या उच्च न्यायालयाचा अनुकूल निकाल १९३७ साली लागला. एका ओंजळभर पाण्यास दहा वर्षे लागली.

महाडच्या सत्याग्रहात कोणी दया मागितली नव्हती. तेथे मागणी होती ती हक्काची, आणि तीच योग्य होती. हा लढा ख्रिस्ती नव्हता, व त्यास तसा रंग देण्याचा आमचा विचारही नाही. पण जे आपल्या धर्माचे सार करुणेत आहे असे मानतात, त्यांच्यापुढे ह्या तळ्याने एक अवघड प्रश्न ठेविला आहे. गांजलेल्या जगात करुणा जिवंत कशी ठेवावी, असे ख्रिस्ती मनुष्य वारंवार विचारतो. ती कोणती करुणा जिवंत ठेवावयाची, वरून धार सोडणारी की दुसरी, हे आधी ठरले पाहिजे. ह्या प्रश्नाचे उत्तर आम्हांस मराठी ख्रिस्ती समाजाच्या इतिहासात सापडते, आणि योगायोग असा की तेही पाण्यापाशीच सापडते.

पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडात गेल्या. तेथे वाँटेज येथील भगिनीमंडळात त्या राहत असता, समाजाने पतित म्हणून टाकलेल्या स्त्रियांसाठी त्या भगिनींनी लंडनात चालविलेले एक गृह त्यांनी पाहिले. ज्यांची सावलीही सभ्य माणसे टाळतात, त्यांची शुश्रूषा ह्या स्त्रिया इतक्या ममतेने का करितात, असे त्यांनी विचारले. उत्तरादाखल एका भगिनीने योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय त्यांस वाचून दाखविला. त्यात येशू प्रवासाने थकून याकोबाच्या विहिरीवर बसला आहे आणि पाणी भरावयास आलेल्या शोमरोनी स्त्रीजवळ तो प्यावयास पाणी मागत आहे. यहुदी लोक शोमरोन्यांशी व्यवहार ठेवीत नसत. म्हणून ती बाई चकित होते. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला.

ह्या कथेतील ख्रिस्ताच्या उपदेशाकडे सर्वांचे लक्ष जाते. उपदेशाआधी जे घडले त्याकडे फारसे कोणी पाहत नाही. तो प्रथम देत नाही, मागतो. आणि तेही विटाळ मानलेल्या हातून, तिच्याच घागरीतले. महाडास जे अंतर मोडण्यासाठी हजारो लोकांस तळ्यापर्यंत चालत जावे लागले, ते येथे वरच्या मानलेल्या बाजूने, एका तहानलेल्या वाक्यात मोडले आहे. घेण्याची तयारी नसलेली दया ही पुष्कळदा प्रतिष्ठेचेच दुसरे नाव असते, हे ह्या विहिरीवर उमगते.

रमाबाईंस हे समजण्यास टीकाग्रंथांची गरज नव्हती, कारण मागणे म्हणजे काय हे त्यांनी स्वतः भोगले होते. १८७४ च्या सुमारास दुष्काळात त्यांचे मातापिता काही आठवड्यांच्या अंतराने वारले. आई अखेरच्या अवस्थेत असता तिच्यासाठी भाकरीचा तुकडा मागावयास त्या शेजारच्या एका ब्राह्मण बाईकडे गेल्या. शब्द ओठांबाहेर पडेना. त्या बाईने चेहऱ्यावरूनच सारे ओळखून बाजरीची भाकरी दिली. पण आईच्या अंगी ती खाण्याचेही त्राण उरले नव्हते. पुढे आईस स्मशानात न्यावयास माणसे मिळेनात. दोघा ब्राह्मणांस दया आली. ते दोघे, भाऊ व रमाबाई अशा चौघांनी ती तिरडी उचलली, आणि रमाबाई ठेंगण्या असल्यामुळे त्यांनी आपला भार डोक्यावर घेतला. वेदशास्त्रसंपन्न अनंतशास्त्री डोंगऱ्यांच्या कन्येने सोसलेला हा प्रसंग आहे.

म्हणूनच १८९६–९७ च्या दुष्काळात मध्यप्रांतातील हालांच्या वार्ता आल्या, तेव्हा त्या वर्गणीची यादी फिरवून थांबल्या नाहीत. स्वतः तिकडे गेल्या आणि सुमारे ३०० मुली व स्त्रिया घेऊन आल्या. पुण्यात प्लेगाचे निर्बंध असल्यामुळे त्यांस तेथे ठेविता येईना. तेव्हा केडगावच्या माळावर तंबू ठोकले. त्याच माळावर मुक्तिसदन उभे राहिले. १९०० च्या गुजराथच्या दुष्काळानंतर तेथील वस्ती दोन हजारांच्या घरात गेली.

एवढ्या माणसांस पोसण्यास जी करुणा लागते, ती अश्रूंची नसते. विहिरी खणाव्या लागतात, धान्य साठवावे लागते, हिशेब ठेवावे लागतात. केडगावास शेती होती, हातमाग होते, तेलाचा घाणा होता, छापखाना होता. आंधळ्या मुलींस बोटांनी वाचावयास शिकविण्याची सोय होती. त्यात रमाबाईंच्या कन्या मनोरमाबाई ह्यांचा मोठा वाटा होता. आणि ह्या सर्वांत मोलाची गोष्ट ही, की ज्यांस वाचविले त्यांच्याच हातून हे चाले. आधी आलेल्या मुली मागाहून येणाऱ्यांस न्हाऊमाखू घालीत व शिकवीत. रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून केलेल्या बायबलाच्या मराठी भाषांतराचे खिळे जुळविणारे हातही त्याच स्त्रियांचे होते. ज्या मुली काल भिक्षेच्या धनी होत्या, त्यांच्या श्रमावाचून विदुषीचे आयुष्याचे काम पुरे होणे नव्हते. विहिरीवर जे घडले तेच केडगावास घडले: देणाऱ्याने मागितले.

येथे एक आक्षेप येतो व तो टाळता येणार नाही. ही करुणा धर्मांतराचे आमिष नव्हती काय? १८८९ साली मुंबईत उघडलेले शारदासदन पुण्यास आल्यावर, तेथील मुली रमाबाईंच्या प्रार्थनेस बसतात ह्यावरून मोठे वादळ उठले. १८९३ साली न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर ह्यांनी आपला संबंध तोडला आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. पुढे केडगावास तर ख्रिस्ती शिक्षण उघडपणेच दिले जाई. भुकेलेल्यास अन्न देणाऱ्याचे मत नाकारणे कठीण असते, आणि हा दाब नकळतही पडतो, हे आम्ही मान्य करितो. रानड्यांसारखा पुरुष दूर झाला तो केवळ पूर्वग्रहाने, असे आम्हांस म्हणवत नाही. पण दुसरी बाजूही तितकीच खरी. त्या मुली ज्या समाजाच्या होत्या, त्याने त्यांस सदनातून काढण्याची जेवढी तातडी दाखविली, तेवढी त्यांस आपल्या घरात, आपल्या ताटाशी बसविण्याची दाखविली नाही. अपवाद झाले ते लहान नव्हते: शारदासदनातील पहिली विद्यार्थिनी, विधवा गोदूबाई, हिच्याशी धोंडो केशव कर्वे ह्यांनी १८९३ सालीच विवाह केला.

ह्या आक्षेपास लक्ष्मीबाई टिळकांच्या चरित्राने आम्हांस अधिक सूक्ष्म उत्तर मिळते. नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले, तेव्हा लक्ष्मीबाई त्यांच्यामागे गेल्या नाहीत. पुढे पतीकडे आल्यावरही त्यांनी आपले सोवळे व आपले पाणी वेगळे ठेविले. मग, ‘स्मृतिचित्रां’त त्या सांगतात त्याप्रमाणे, एके दिवशी विचार करता करता जातिभेद त्यांच्या मनातून गेला आणि कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याचा निश्चय झाला. बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९०० सालचा. म्हणजे आधी हातचे पाणी, मग धर्माचे पाणी. करुणा हे धर्मांतराचे साधन नव्हे; उलट दुसऱ्याच्या हातून घेता येणे हीच खरी दीक्षा, आणि ती एकाच धर्माच्या मालकीची नाही. नाव बदलल्याने ती आपोआप येतही नाही. आमच्या देशातील ख्रिस्ती मंडळ्यांतही जात पुष्कळ ठिकाणी शिल्लक राहिली, हे त्यांच्यातील विचारी माणसे स्वतःच सांगतात.

आजच्या जगात दुःखाच्या बातम्या घटकेघटकेस येतात, आणि मन बधिर होते अशी तक्रार आम्ही ऐकतो. २०२१ च्या जुलैत महाड शहर पुराखाली गेले आणि त्याच तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक जीव गेले, तेव्हा मदतीचा ओघ सर्व बाजूंनी आला. असा ओघ येतो ही आनंदाची गोष्ट आहे; तो ओसरतो हाही अनुभव आहे. कळवळा हा पावसाच्या पाण्यासारखा असतो. तो टिकवावयाचा तर विहीर बांधावी लागते. रमाबाईंची कन्या १९२१ च्या जुलैत वारली. त्यानंतर जेमतेम आठ महिने त्या जगल्या, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचा अंत झाला, तोपर्यंत भाषांतराचे काम त्यांनी सोडले नाही. त्यांचे मन बधिर झाले नाही ते कोमल होते म्हणून नव्हे, तर कामास बांधलेले होते म्हणून. आणि ते काम त्यांनी ज्यांच्यासाठी आरंभिले त्यांच्याच सोबतीने चालविले म्हणून.

ज्यास करुणा जिवंत ठेवावयाची आहे, त्याने आपण किती दिले ह्याचा हिशेब अवश्य ठेवावा. पण त्या वहीत दुसरेही एक पान असावे: ज्यांस आम्ही दीन म्हणतो, त्यांच्या हातून आम्ही काय घेतले, त्यांच्या कोणत्या भांड्यातले पाणी प्यालो. हे पान जोवर कोरे आहे, तोवर आमची दया वरून पडणारी धारच आहे, मग ती कोणत्याही देवाच्या नावाने सोडलेली असो.