निद्रा, प्राण्यांची
हालचाल थांबणे, बाह्य चेतकांना मिळणारा प्रतिसाद मंदावणे, पुरेशा चेतनेने ही अवस्था त्वरित मोडणे आणि हुकलेली झोप नंतर भरून काढण्याची प्रवृत्ती असणे, या लक्षणांवरून प्राण्यांतील निद्रा ओळखतात. डोळे मिटणे वा आडवे होणे ही तिची आवश्यक लक्षणे नव्हेत. माशांना पापण्या नसतात, तर घोडा उभ्यानेच डुलकी घेतो. इ. स. पू. चौथ्या शतकात ॲरिस्टॉटल यांनी निद्रेवर स्वतंत्र प्रबंध लिहिला. मासेही झोपतात व त्या वेळी ते हातानेसुद्धा पकडता येतात, असे त्यांनी नमूद केले आहे. भारतीय परंपरेत विद्यार्थ्याच्या लक्षणांत श्वाननिद्रेची गणना होते. कुत्र्याची झोप सावध असते, हे निरीक्षण त्यामागे आहे.

निद्रा ही केवळ विश्रांती नसून जीवनावश्यक क्रिया आहे, हे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्पष्ट होऊ लागले. १८९४ मध्ये रशियन संशोधिका मारी द मानासेन यांनी कुत्र्याच्या पिलांना सतत जागे ठेवले असता ती काही दिवसांतच मरण पावली. हा प्रयोग निर्दय होता. तथापि त्यामुळे एक अवघड प्रश्न पुढे आला. झोपेत प्राणी शत्रूपुढे असहाय होतो. मग ज्यांना क्षणभरही बेसावध राहणे परवडत नाही, ते झोपतात तरी कसे?

उत्तर शोधण्याचे साधन विसाव्या शतकात मिळाले. हान्स बेर्गर यांनी मानवी मेंदूतील विद्युत् लहरींच्या आलेखाविषयीचे आपले संशोधन १९२९ मध्ये प्रसिद्ध केले. १९५३ मध्ये यूजीन ॲसरिन्स्की व नेथॅनिएल क्लाइटमन यांनी द्रुत नेत्रचलनाची निद्रावस्था वर्णिली. मीशेल झूव्हे यांनी मांजरावरील प्रयोगांनंतर तिला विरोधाभासी निद्रा असे नाव दिले. कारण या अवस्थेत मेंदू जागृतीप्रमाणे क्रियाशील, तर स्नायू पूर्ण शिथिल असतात.

रवंथ करणाऱ्या प्राण्यांच्या निद्रेचा अभ्यास फ्रान्समधील ईव्ह रूकबूश यांनी केला. १९७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार गाय दिवसाकाठी सुमारे चार तासच झोपते. त्याच्या जवळजवळ दुप्पट काळ ती अर्धजागृत पेंगत असते. मेंढीची झोपही साधारण तेवढीच. अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्याच्या कोरडवाहू भागात या गोष्टीचा प्रत्यय सहज येतो. शहरालगतच्या नागापूर येथे आता औद्योगिक वसाहत आहे. तथापि जिल्ह्यातील माळरानांवर धनगरांचे कळप अद्याप हिंडतात. खतासाठी शेतात मेंढ्या बसविण्याची रीत दख्खनमध्ये जुनी आहे. रात्री वाघर लावून कळप तिच्या आत कोंडतात. जाळ्याआडचा हा कळप निजलेला दिसला, तरी त्यातील बऱ्याच मेंढ्या रवंथ करीत पेंगत असतात. लांडग्याची चाहूल घेण्याचे काम मात्र धनगर व त्याची कुत्री यांच्याकडे असते. येथे श्वाननिद्रा कामास येते.

निद्रा आणि सावधपणा यांची सर्वांत विलक्षण सांगड डॉल्फिनमध्ये आढळते. कोकणात याला गादा म्हणतात. डॉल्फिनचे श्वसन ऐच्छिक असून श्वासासाठी त्याला वारंवार पृष्ठभागावर यावे लागते. तो एक डोळा मिटून विश्रांती घेतो, असे जॉन लिली यांनी १९६४ मध्ये नोंदविले होते. पुढे एल्. एम्. मुखामेतोव्ह व त्यांच्या सोव्हिएट सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये दाखवून दिले की, एका वेळी त्याच्या मेंदूचा एकच गोलार्ध गाढ निद्रेत असतो व दुसरा जागा राहतो. काही काळाने पाळी बदलते.

पक्ष्यांतही असेच घडते. १९९९ मध्ये नील्स रॅटनबोर्ग व सहकाऱ्यांनी ओळीने झोपलेल्या बदकांचे आलेख घेतले. कडेच्या बदकाचा बाहेरच्या बाजूचा डोळा उघडा राहतो आणि अर्ध्या मेंदूची झोप त्याच्यात अधिक असते. मधली बदके निर्धास्त झोपतात. गॅलापागस बेटांवरील फ्रिगेट पक्षी उडतानाही झोपतो, हे २०१६ मध्ये सिद्ध झाले. समुद्रावरील दीर्घ उड्डाणात तो दिवसाकाठी सरासरी ४२ मिनिटेच झोपतो व जमिनीवर परतल्यावर बारा तासांहून अधिक. म्हणजे इतक्या तुटपुंज्या झोपेवरही तो बरेच दिवस तग धरतो. असे का, याचे समाधानकारक स्पष्टीकरण अद्याप नाही.

महाराष्ट्रात पक्ष्यांच्या सामूहिक रातथाऱ्यांचा अभ्यास विशेष झाला आहे. माधव गाडगीळ यांनी १९७२ मध्ये अनेक जातींच्या मिश्र रातथाऱ्यांच्या आधारे या सवयीच्या प्रयोजनाची चर्चा केली. १९७५ मध्ये सालिम अलींसह त्यांनी भारतीय पक्ष्यांच्या या सवयींचा आढावा घेतला. पुण्यातील साळुंक्यांच्या रातथाऱ्यांवर अनिल महाबळ यांनी काम केले. संध्याकाळी झाडावर उठणारा साळुंक्यांचा कलकलाट शहरवासीयांना त्रासदायक वाटतो. पक्ष्यांना मात्र रात्रीच्या शत्रूंपासून काही प्रमाणात संरक्षण मिळते.

शीतनिष्क्रियता व ग्रीष्मनिष्क्रियता यांना पुष्कळदा दीर्घ झोप समजतात. हे बरोबर नाही. पर्जन्यछायेच्या प्रदेशात कोरड्या महिन्यांत मातीत दडून राहणाऱ्या बेडकाचा चयापचय मंदावतो. ती निद्रेहून वेगळी अवस्था आहे. उत्तरेकडील भूखारी तर शीतनिष्क्रियतेतून मधूनमधून उबदार होतात आणि त्या काळाचा मोठा भाग झोपेतच घालवितात, असे १९९१ मध्ये आढळले.

मेंदू नसलेल्या कॅसिओपिया या जेलीफिशमध्येही निद्रेची लक्षणे २०१७ मध्ये दिसून आली. रात्री तिच्या छत्रीची स्पंदने मंदावतात आणि झोपमोड केल्यास दुसऱ्या दिवशी ती सुस्त राहते. चिनस्ट्रॅप पेंग्विनांवरील २०२३ मधील निष्कर्ष तितकेच अनपेक्षित आहेत. घरट्यावरील पेंग्विन सरासरी चार सेकंदांच्या दहा हजारांहून अधिक डुलक्या घेतो; त्यांची बेरीज दिवसाला अकरा तासांवर जाते. जवळ स्कुआ पक्षी टपलेले असताना अंडी व पिले यांची राखण तो या डुलक्यांमधूनच करतो.