खापर उचलण्यापूर्वी

पुरातत्त्वाच्या पहिल्या वर्गात बसणाऱ्या विद्यार्थ्यांची तयारी कधीच सारखी नसते. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात एम. ए.साठी कोणत्याही शाखेच्या पदवीधराला अर्ज करता येतो. त्यामुळे संस्कृत घेऊन आलेली मुलगी, भूगर्भशास्त्र शिकलेला मुलगा आणि वाणिज्य शाखेचा पदवीधर एकाच बाकावर बसू शकतात. आपल्याला नेमके जे यायला हवे तेच येत नाही, असे तिघांनाही वाटते. त्यांनी मनातून ही धास्ती काढून टाकावी. हाडे ओळखणारा शिलालेख वाचू शकत नाही आणि शिलालेख वाचणाऱ्याला जळक्या दाण्यातून गहू की जव हे सांगता येत नाही. एकमेकांना विचारल्याशिवाय इथे कोणाचेच काम पुढे सरकत नाही. हे पुस्तक अशा सगळ्यांसाठी लिहिले आहे.

एक गोष्ट मात्र पहिल्याच पानावर सांगायला हवी, कारण पुढची सगळी प्रकरणे तिच्यावर उभी आहेत. वस्तू सापडणे म्हणजे ज्ञान मिळणे नव्हे. ती कुठे, कोणत्या थरात, कशाच्या शेजारी आणि कशाच्या खाली होती, यातून ज्ञान मिळते.

दायमाबादचे उदाहरण घ्या. प्रवरेकाठच्या या गावात १९७४ मध्ये एका भिल्ल शेतकऱ्याला झुडपाचे मूळ खणताना ब्राँझच्या चार वस्तू सापडल्या: हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलजोडी जुंपलेला रथ, त्यावर उभा सारथी. चारींचे मिळून वजन साठ किलोंच्या वर भरले. भारतीय पुरातत्त्वातल्या अत्यंत देखण्या वस्तूंत त्यांची गणना होते. पण त्या रीतसर उत्खननात हाती आल्या नाहीत. अनेकांनी त्या उत्तर हडप्पा काळातल्या मानल्या, तर पुरातत्त्वज्ञ डी. पी. अग्रवाल यांनी धातूतल्या आर्सेनिकच्या प्रमाणावर बोट ठेवून शंका घेतली, आणि ती शंका अजून पुरती मिटलेली नाही. पंचनामा न करता उचललेल्या मुद्देमालासारखे हे झाले. वस्तू समोर आहे, पण तिची साक्ष लंगडी आहे. यात त्या शेतकऱ्याचा काहीच दोष नाही. त्याच्यामुळेच या वस्तू आज आपल्याला पाहायला मिळतात.

आता इनामगाव पाहा. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी ही ताम्रपाषाणयुगीन वस्ती इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळात नांदली. हसमुख सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी यांच्या नेतृत्वाखाली डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तिचे उत्खनन केले. सोने-नाणे काढण्यासाठी कोणी गेले नव्हते आणि तसे घबाडही तिथे नव्हते. सापडली ती मातीची घरे, १३० हून अधिक. चुली, धान्याच्या कणग्यांच्या खुणा, हाडे, जळके दाणे आणि अगणित खापरे सापडली.

घराच्या जमिनीखाली लहान मुलांची दफने होती. दोन कुंभ तोंडाला तोंड लावून आडवे ठेवलेले आणि आत मूल. मोठ्या माणसांना खड्ड्यात उताणे, डोके उत्तरेकडे करून पुरलेले होते आणि त्यांची पावले तोडलेली होती. वस्तीच्या मध्यभागी एक पाच खोल्यांचे घर होते, इतरांपेक्षा मोठे, धान्यकोठार असलेले. त्याच्या अंगणात कच्च्या मातीचा, चार पायांचा एक मोठा रांजण निघाला. आत बसलेल्या स्थितीत ठेवलेला पुरुष होता आणि त्याची पावले शाबूत होती.

इथे थांबून विचार करा. तो सांगाडा नुसता संग्रहालयात आला असता, तर एक सांगाडा एवढेच आपण म्हणालो असतो. घर मोठे, जागा मधली, कोठार त्याच घराला, दफनाची रीत वेगळी आणि पावले तोडलेली नाहीत, हे सगळे एकत्र नोंदले गेले म्हणून हा माणूस गावचा प्रमुख असावा असे म्हणता आले. ‘असावा’ हे क्रियापद आपल्या शास्त्रात फार मोलाचे आहे. पुरावा कुठे संपतो आणि अनुमान कुठे सुरू होते, ती रेघ विद्यार्थ्याला दिसली पाहिजे.

अनुमाने बदलतातही. शेवटच्या काळात इनामगावची चौकोनी घरे जाऊन लहान गोल झोपड्या आल्या, शेती खालावली, शिकार वाढली. ढवळीकरांनी याचे कारण कोरड्या होत गेलेल्या हवामानात शोधले. जैवपुरातत्त्वज्ञ ग्वेन रॉबिन्स शुग यांनी लहान मुलांचे सांगाडे नव्या पद्धतींनी पुन्हा तपासले आणि २०११ मध्ये पुस्तक लिहून हे इतके सरळ नाही असे मांडले. सांगाडे जपले होते आणि कोणते कुठून आले याची नोंद होती, म्हणूनच हा वाद शक्य झाला.

उत्खनन म्हणजे नष्ट करणेही आहे. खणलेला थर पुन्हा रचता येत नाही. ट्रेंचमध्ये दोरी, टेप आणि ट्रॉवेल घेऊन तासन्‌तास इंचाइंचाने खाली जाणे, सेक्शनच्या भिंतीवर मातीचा रंग कुठे बदलतो ते डोळे बारीक करून पाहणे, पॉटरी यार्डात धुतलेली खापरे थराथरानुसार मांडून त्यांच्यावर क्रमांक घालणे, ही कामे कंटाळवाणी वाटतील. वाटू द्या. बोटाने वाजवले तर धातूसारखे खणखणणारे, तांबड्या अंगावर काळी नक्षी असलेले जोर्वे संस्कृतीचे खापर डोळे मिटूनही ओळखू यायला लागते ते याच यार्डात. आणि हे सगळे अहवालात उतरले नाही तर उत्खननाचा उपयोग काय? इनामगावचा अहवाल १९८८ मध्ये छापून आला. अहवाल न लिहिता जागा खणत सुटणे हा मी या विद्येतला सर्वांत मोठा अपराध मानतो. ट्रेंचमध्ये तुमच्या शेजारी काम करणाऱ्या गावकऱ्यांकडूनही शिका. मातीतला फरक त्यांच्या हाताला आधी कळतो.

मातीचे थर नसले की काय अडचण होते, हे कोकणात पाहावे. रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवर आणि गोव्यात कुशावतीकाठी उसगाळीमळला कातळावर प्राणी, माणसे, चक्रव्यूहासारख्या आकृती कोरलेल्या आहेत. कोकणातली कातळशिल्पे २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. पण उघड्या जांभ्यावर थरच नाहीत, म्हणून काळ ठरवणे अवघड आहे. तुमच्यापैकी कोणाला आयुष्यभर पुरेल एवढे काम तिथे पडले आहे.

घरचे लोक नोकरीचे विचारतील, आणि त्यांचे विचारणे रास्त आहे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण, राज्याचे पुरातत्त्व संचालनालय, संग्रहालये, अध्यापन अशा वाटा आहेत, पण जागा थोड्या आणि भरतीला वेळ लागतो. हे माहीत असूनच या. पुणे, नागपूर, बडोदा इथल्या विभागांनी घडवलेल्या पिढ्यांनीही हे माहीत असूनच हा मार्ग धरला.

प्रवेश होईपर्यंत एक करा. तुमच्या गावाजवळ नदीकाठी पांढरीचे, म्हणजे जुन्या वस्तीचे, टेकाड असेल, तर तिथे जाऊन या. लोक त्याची माती शेतात घालायला नेतात, त्यामुळे कापलेल्या बाजूवर थर उघडे पडलेले दिसतील. खापर दिसले तर फोटो काढा, जागा वहीत लिहा, गावातल्या जाणत्यांना विचारा. पण ते खिशात घालू नका. जिथे आहे तिथेच राहू द्या.