आळ

दिवाळीच्या सुट्टीत मुलं बेळगावला आली की आमच्या सोप्यात पाय ठेवायला जागा राहत नाही. गेल्या दिवाळीत, म्हणजे 2025 साली, घर भरलेलं होतं पण आवाज नव्हता. चौघांची तोंडं चार मोबाईलांत. दिवसाउजेडी जेवणं उरकून मी मागे भांडी आवरत होते, तेवढ्यात बाहेर भांडण पेटलं. नात अकरा वर्षांची, तिचा चुलतभाऊ पंधराचा. दोघं मोबाईलवर बुद्धिबळ खेळत होती, ती सोप्यात आणि तो माडीवर. तिने लागोपाठ तीन डाव जिंकले. तो जिना उतरला तो ओरडतच, "इंजिन लावून खेळलीस तू!"

मला आधी वाटलं, इंजिन म्हणजे गाडीचं. मग कळलं, बुद्धिबळाची खेळी सांगणाऱ्या संगणकाच्या प्रोग्रॅमला इंजिन म्हणतात. ते फुकट मिळतं आणि हातातल्या मोबाईलवर चालतं.

नात रडली नाही. माझ्याजवळ येऊन म्हणाली, "आज्जी, मी नाही गं केलं. पण नाही केलं हे दाखवू कसं?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, म्हणून शोधायला बसले. वाचता वाचता लक्षात आलं की या प्रश्नापुढे मोठमोठे जगज्जेतेही हात टेकून बसलेत.

लबाडीचा संशय या खेळात नवा नाही. 1770 च्या सुमारास व्हिएन्नाच्या दरबारात केंपेलेन नावाच्या गृहस्थाने बुद्धिबळ खेळणारा यांत्रिक तुर्क आणला. पगडीवाला लाकडी पुतळा, पुढ्यात पेटी, पेटीवर पट. भल्याभल्यांना त्याने हरवलं, नेपोलियनलासुद्धा. पेटीत अर्थातच माणूस दडलेला असे. पुढे 1978 साली फिलिपिन्समधल्या बागियो शहरात कार्पोव आणि कोर्चनोई यांची जगज्जेतेपदाची लढत चालू असताना कार्पोवला मध्येच दह्याची वाटी आली. कोर्चनोईच्या बाजूने लेखी तक्रार गेली की कोणत्या चवीचं दही कधी आलं, यातून खेळाडूला खूण करता येईल! शेवटी दही एकाच प्रकारचं आणि ठरल्या वेळीच द्यायचं असं ठरलं. आपण बायका वाटीभर दह्यात काय काय ओळखतो, पण घोडा कुठे टाकायचा हे काही त्यातून ओळखलं नसतं.

त्या काळी हे हसण्यावारी नेता येत होतं. त्याचं कारण असं, की कार्पोवला चांगली खेळी सुचवील असा दुसरा होता कोण? जगात सर्वांत चांगलं खेळणारे दोघे पटावरच बसलेले होते. 1997 साली ते बदललं. आयबीएमच्या डीप ब्लू संगणकाने कास्पारोवला हरवलं. गंमत म्हणजे कास्पारोवने संशय घेतला तो उलटा, की यंत्राला आतून कोणी माणूस मदत करतोय! पुढच्या काही वर्षांत जगज्जेत्यापेक्षा चांगलं खेळणारं यंत्र खिशात मावू लागलं, आणि कोणाच्याही खिशाकडे संशयाने बघायची सोय झाली.

संशय खरे ठरलेही. एप्रिल 2015 मध्ये दुबईच्या खुल्या स्पर्धेत जॉर्जियाचा विजेता निगालिद्झे पुन्हा पुन्हा शौचालयात जाऊ लागला. बघितलं तर आत कागदात गुंडाळलेला मोबाईल, आणि त्यावर चालू डावाची मांडणी. तीन वर्षांची बंदी आली, ग्रँडमास्टर पदवीही गेली. 2019 मध्ये स्ट्रासबर्गला राउसिस हा साठीला आलेला ग्रँडमास्टर तसाच सापडला. उतारवयात त्याचे गुण चढत होते, तेव्हाच लोक कुजबुजू लागले होते. अशा वेळी पुरावा हातात असतो, निकाल लागतो, विषय मिटतो. जिथे हातात काहीच लागत नाही तिथलं दुखणं वेगळं.

दुबईच्या प्रकरणाला महिना होतो न होतो, तोच जॉर्जियातच, काळ्या समुद्राकाठी चाकवी गावात, युरोपची महिला अजिंक्यपद स्पर्धा सुरू झाली. अकरा फेऱ्या. रुमानियाची मिहाएला सांदू हिच्याकडे सुरुवातीला कोणाचं लक्षही नव्हतं. चाळिशीकडे झुकलेली बाई, गुणांकनात बरीच खाली. तिने पहिल्या पाचही फेऱ्या जिंकल्या. झालं, कुजबुज सुरू. कोणी तिच्यापाशी मोबाईल पाहिला नव्हता, कोणी खूण पकडली नव्हती. म्हणणं एवढंच, की ही एवढं चांगलं खेळेलच कशी? खेळाडूंनी सह्यांचं पत्र दिलं. तिचे डाव थेट प्रक्षेपणातून वगळावेत, म्हणजे बाहेरून कोणाला मदत करता येणार नाही, अशी मागणी केली. सह्या करणाऱ्या सगळ्या बायकाच होत्या. त्यांतल्या कित्येकींनी स्वतः कधी ना कधी "बाईमाणसाला हा खेळ जमतो होय?" हे ऐकलं असणार. तरी केल्या सह्या.

आणि सांदूने करायचं काय? तिच्याविरुद्ध काही सापडलं नव्हतं, पण न सापडणं हे निर्दोषपण कोणी धरत नव्हतं. पुढच्या फेऱ्यांत तिला आधीची चाल राखता आली नाही. ज्या हॉलमध्ये निम्म्या नजरा आपल्या ओच्या-पदराकडे लागल्यात (तिच्या बाबतीत कोटाच्या खिशाकडे म्हणा) तिथे कोणाचं डोकं शांत राहील? पण असा आळ आलेली जिंकली तर चोर, आणि हरली तर चोरी सिद्ध, असंच लोक धरतात. पुढे जागतिक महासंघाने चौकशी केली, तिच्याविरुद्ध काही निघालं नाही, आणि पुराव्याशिवाय आळ घेतला म्हणून तक्रारदारांनाच दोष दिला. पण तो निकाल आला तोवर स्पर्धा केव्हाच संपली होती. ते पाच विजय परत हसतमुखाने खेळून दाखवायची सोय बुद्धिबळात नाही.

हे वाचताना मला माझी सातवीची परीक्षा आठवली. गणितात पैकीच्या पैकी पडले. गुरुजींना खरं वाटेना. वर्गासमोर फळ्यावर पाच गणितं घातली, सोडव म्हणाले. सोडवली. गणित पुन्हा सोडवता येतं, म्हणून मी सुटले असं मी आजवर समजत होते. पण खरं सांगू? पुढे वर्षभर पेपरात एखादी चूक झाली की मला बरं वाटायचं.

आता ज्याची गोष्ट सांगायची त्याने हा आळ स्वतः सोसलाय. 2006 साली एलिस्ता शहरात क्राम्निक आणि टोपालोव यांची लढत होती. चार डावांनंतर क्राम्निक पुढे होता. टोपालोवच्या व्यवस्थापकाने तक्रार केली की हा फार वेळा शौचालयात जातो. विश्रांतीच्या खोलीत कॅमेरे होते, शौचालयात नव्हते. क्राम्निक सांगत राहिला, मी खूप पाणी पितो, चालत चालत विचार करतो. त्याचं खासगी शौचालय बंद झालं. त्याने पाचवा डाव खेळायला नकार दिला आणि तो गुण घालवला. शेवटी जादा जलद डावांत तो जिंकला. त्या वेळी जगभरच्या चांगल्या माणसांनी त्याची बाजू घेतली.

तोच क्राम्निक अलीकडे इंटरनेटवरच्या डावांचे आकडे मांडून एकामागून एक खेळाडूंवर संशय घेऊ लागला. यंत्राच्या खेळीशी माणसाची खेळी किती जुळते हे मोजता येतं खरं, पण त्यातून शक्यता कळते, गुन्हा नाही. सोप्या डावात आपल्या नातीच्या खेळ्याही यंत्राशी जुळतील. त्याच्या संशयात आलेल्यांपैकी एक होता डॅनियल नारोडित्स्की, अमेरिकेचा ग्रँडमास्टर. हजारोंना त्याने इंटरनेटवरून बुद्धिबळ शिकवलं. त्याने आरोप नाकारला, पण वर्षभर तो त्याच्या मानेवर होता. चांगला खेळलो की लोक वाईटच धरून चालतात, अशा अर्थाचं तो शेवटच्या दिवसांत बोलला. एकोणतिसाव्या वर्षी तो गेला. ती बातमी आली ऐन दिवाळीत, आमच्या घरच्या भांडणाच्या आदल्या दिवशी. महिनाभरात महासंघाने क्राम्निकविरुद्ध नीती आयोगाकडे तक्रार दाखल केली. आळामुळेच तो मुलगा गेला, असं बरेचजण बोलून मोकळे झाले. मला ते बोलवत नाही. तसं म्हणणं म्हणजे पुराव्याशिवाय आणखी एकावर आळ घेणंच की.

कार्लसन आणि नीमन यांचं 2022 चं प्रकरण तर सगळ्यांना ठाऊक आहे. जगज्जेता एकोणीस वर्षांच्या पोराकडून हरला आणि दुसऱ्या दिवशी स्पर्धा सोडून गेला. पोराने लहानपणी इंटरनेटवर लबाडी केल्याचं कबूल केलं. समोरासमोरच्या त्या डावाबद्दल मात्र आजवर काही सापडलेलं नाही. पुढे कोर्टकज्जे झाले, समझोता झाला. स्पर्धा सोडल्याबद्दल कार्लसनला दहा हजार युरो दंड झाला.

नातीला यातलं मी थोडंच सांगितलं. सांदूची गोष्ट सांगितली. चाकवी कुठे म्हणून तिने नकाशा काढला आणि ओरडली, "आज्जी, हे बातुमीच्या शेजारी!" बातुमी तिला पाठ आहे. जुलै महिन्यात नागपूरची दिव्या देशमुख तिथेच महिला विश्वचषक जिंकली. तेव्हापासूनच आमचं कन्यारत्न रोज पट मांडून बसतं.

संध्याकाळी मी कपाटातला सासऱ्यांचा लाकडी पट काढला. मोबाईल सगळ्यांचे माझ्या फडताळात, किल्ली माझ्या कमरेला. दोघं समोरासमोर बसली. ती पहिल्यापासून चाचरत खेळली, प्रत्येक खेळीआधी भावाच्या तोंडाकडे बघत. पंचविसाव्या खेळीच्या आसपास वजीर गेला आणि ती हरली.

"बघ!" तो म्हणाला.

तिने माझ्याकडे पाहिलं. मग काही न बोलता प्यादी पुन्हा मांडायला घेतली.