चार हजार माणसं आणि एक पडलेलं सरकार

भाषिक सीमावाद म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर बेळगाव येतं. आज मात्र आपण बेल्जियममधल्या वूरेनला जाऊ. सहा खेडी, फळबागा, कुरणं आणि जेमतेम चार हजार वस्ती. उत्तरेला नेदरलँड्स, दक्षिणेला फ्रेंच बोलणारा लीएज प्रांत. फ्रेंच भाषिक याच गावांना फुरों म्हणतात.

आता बघा, इथल्या जुन्या लोकांची घरातली बोली ना प्रमाण डच, ना फ्रेंच. ती डच-जर्मन कुळातली लिम्बर्गी बोली. पण बाजारहाट आणि नोकरी लीएज शहरात, आणि तिथे फ्रेंचशिवाय चालत नसे. १९३०च्या जनगणनेत इथे बहुमत डचचं निघालं, १९४७ला फ्रेंचचं! घराघरांतली बोली सतरा वर्षांत अशी उलटत नाही. उलटलं ते जनगणनेला दिलेलं उत्तर.

१९६२मध्ये संसदेने भाषिक सीमा कायद्याने पक्की केली. १९६३पासून ही सहा गावं लीएजमधून काढून डच भाषिक लिम्बर्ग प्रांताला जोडली. मोबदल्यात पश्चिमेकडचे मूक्रों आणि कोमीन फ्रेंच बाजूला गेले. फ्रेंच भाषिकांना काही सवलती मिळाल्या, पण कारभार डचमध्ये. शिवाय वूरेनची हद्द उरलेल्या लिम्बर्गला कुठेच लागत नाही!

१९७७मध्ये सहा गावांची एक नगरपालिका झाली आणि भांडण एका खुर्चीभोवती आलं. ‘लीएजला परत जाऊ’ म्हणणारे जोझे आपार १९८३मध्ये नगराध्यक्ष झाले. डच येत असल्याचं सिद्ध करायला त्यांनी नकार दिला. १९८६मध्ये सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने त्यांची नेमणूक रद्द केली. वाद चिघळला, आणि १९८७मध्ये पंतप्रधान मार्टेन्स यांचं सरकार याच प्रश्नावर कोसळलं. चार हजारांच्या पालिकेपायी अख्ख्या देशाचं सरकार!

पुढे २०००च्या निवडणुकीत डच भाषिकांना निसटतं बहुमत मिळालं. त्यात नेदरलँड्समधून येऊन राहिलेल्यांचा वाटा होता. युरोपीय संघाच्या नागरिकांना तेव्हा पहिल्यांदाच स्थानिक निवडणुकीत मत देता आलं होतं.

म्हणजे ज्या बोलीवरून हे सुरू झालं, ती दोन्हीकडच्या घोषणांत कुठेच नव्हती. बहुमत मोजताना माणूस एकाच भाषेच्या खात्यात धरला जातो. सीमेवरचा माणूस मात्र घरी एक, बाजारात दुसरी आणि कचेरीत तिसरी बोलतो. म्हणून सीमाभागाचे आकडे वाचताना आधी विचारा, प्रश्न कोणी विचारला होता, आणि उत्तरावर काय अवलंबून होतं?