फोटोमागचा मजकूर

पूर्वी फोटोच्या पाठीवर लिहून ठेवायची रीत होती. जुन्या नाशकातल्या आमच्या घरी अब्बा पेन्सिलीने उर्दूत नावे लिहीत. शेजारच्या वाड्यात ती मराठीत असत, फार जुनी मोडीत. २००३च्या सिंहस्थात आपल्यापैकी बहुतेकजण ३६ फोटोंचा रोल स्टुडिओत धुवायला टाकत होते. २०१५च्या सिंहस्थात हातोहाती मोबाइल होता. मधल्या बारा वर्षांत फोटो हजारोंनी वाढले, पण त्यांना पाठच उरली नाही.

‘पिकासा’ याच काळातले. हे सॉफ्टवेअर २००२ मध्ये अमेरिकेत निघाले. २००४ मध्ये गूगलने ते विकत घेतले आणि सर्वांना फुकट दिले. नावात चित्रकार पिकासो आहे, आणि स्पॅनिशमधले ‘कासा’ म्हणजे घरही. (नाव ठेवणारा कवी असावा!) ते फोटो जागचे हलवत नसे, संगणकाच्या कानाकोपऱ्यातून हुडकून तारखेप्रमाणे पडद्यावर मांडी. स्कॅन केलेल्या फोटोला मात्र स्कॅनचीच तारीख, त्यामुळे अब्बा-अम्मींच्या निकाहचा फोटो २००७च्या रांगेत जाऊन बसला. २००६ मध्ये वेब अल्बम आले, तेव्हा नाशिकच्या लग्नाची सीडी दुबईतल्या पोरांना धाडायची गरज संपली. पुढे ते चेहरेही ओळखू लागले. माझे मरहूम थोरले भाऊ आणि त्यांचा मुलगा, दोघांना ते एकच माणूस समजे. वहिनींनी ते दुरुस्त करू दिले नाही.

१५ मार्च २०१६ला गूगलने संगणकावरच्या पिकासाकडे लक्ष देणे थांबवले. मंडळी, फोटो कुठेच गेले नाहीत. पण रात्री जागून जुळवलेले अल्बम पिकासाच्या स्वतःच्या नोंदवहीत होते, आणि ती वही इतर सॉफ्टवेअरना सहसा वाचता येत नाही. फोटोखाली लिहिलेली ओळ तेवढी वाचली, कारण जेपीईजी फोटोत पिकासा ती फाइलच्या आतच लिहीत असे. ही सोय वर्तमानपत्रांच्या जगातली. बातमीचा फोटो कुठेही गेला तरी छायाचित्रकाराचे नाव, गाव, तारीख त्याच्यासोबत जावी म्हणून ‘आयपीटीसी’ या वृत्तक्षेत्रातल्या आंतरराष्ट्रीय मंडळाने १९९०च्या दशकात तिचे रकाने रूढ केले. अब्बांची पेन्सिलच म्हणा ना!

व्हॉट्सअ‍ॅपवर फोटोसोबत टाइप केलेली ओळ फाइलच्या आत जात नाही. गूगल फोटोजमध्ये लिहिलेले वर्णनही, फोटो उतरवून घेताना, वेगळ्या फाइलमध्ये येते. एकीची दुसरीशी ताटातूट झाली की नावे गेली.

म्हणून माझी भाची ‘डिजिकॅम’ हे मोफत सॉफ्टवेअर वापरते. ते सांगितल्यास मजकूर फोटोतच लिहिते. गेल्या ईदला खालाजान आल्या, तेव्हा निकाहच्या फोटोतल्या चौदा चेहऱ्यांपैकी अकरांची नावे त्यांनी सांगितली. भाचीने ती तिथल्या तिथे लिहून घेतली. उरलेल्या तिघांसाठी मालेगावच्या मामूंकडे जायचे आहे. ते आता नव्वदीला आलेत.