शस्त्रागार आणि वस्ताद

तंजावरच्या राजवाड्याच्या आवारात शस्त्रागाराचा मनोरा म्हणून ओळखली जाणारी उंच इमारत आहे. भोसल्यांच्या सुमारे १८० वर्षांच्या राजवटीत या राजवाड्यात तलवारी, कट्यारी, भाले यांचा मोठा संग्रह होता. १८५५ मध्ये राजे शिवाजी पुत्रसंतती न ठेवता वारले आणि इंग्रजांनी राज्य खालसा केले. पुढे निवडक हत्यारे मद्रासच्या संग्रहालयात गेली. उरलेली मोडून जुन्या लोखंडाच्या भावाने विकली, असे वॉलहाउस या इंग्रज अधिकाऱ्याने १८७८ मध्ये लिहून ठेवले आहे.

संग्रहालयात कट्यार पाहावयास मिळते. ती चालवावी कशी, हे तिच्याकडे पाहून कळत नाही. ते ज्ञान वस्तादाच्या हाती असते. शागिर्दाने आधी हौद्यातील माती उकरावी, जोरबैठकांनी अंग कसावे, थोरल्या गड्यांशी झुंजावे आणि मग वस्तादाच्या नजरेखाली धाकट्यांना डाव शिकवावेत. शिकविताना स्वतःच्या डावातील कच्चेपणा उघडा पडतो. तो भरून काढता काढता शागिर्दाचा वस्ताद होतो.

म्हणूनच विद्येचे आयुष्य राज्याच्या आयुष्याएवढेच नसते. दुसऱ्या बाजीरावाच्या आश्रयास असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाची विद्या शिष्यांना दिली. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, तरी शिष्यपरंपरेने ती विद्या टिकविली.

फारसीतील ‘उस्ताद’ मराठीत ‘वस्ताद’ झाला, तमिळमध्ये ‘वस्तादु’. तंजावरचे पोलाद भंगारात गेले. तो शब्द मात्र दोन्ही भाषांत आजही जिवंत आहे.